भुताची जत्रा आणि पाचवा महिना

सूनबाईंना पाचवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी म्हणून सासूबाई साताऱ्याहून लॉस एंजेलिसजवळच्या उपनगरात मुलाकडे येऊन दाखल झाल्या होत्या. ऑक्टोबरचे दिवस. एका संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो हातात तिकिटं नाचवतच. शुक्रवारी रात्री ऑफिसची सगळी मंडळी नॉट्स बेरी फार्मला जाणार होती.

"काय असतं तिथं?" सासूबाईंनी विचारलं.

"भुतं असतात, आई!"

झालं! सासूबाईंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. पोटुशी बाई आणि भुतं? त्यांच्या माहेरी तर गरोदर बाईला तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. इथे लोक पैसे मोजून भुतं बघायला जातात!

जातात खरे. 31 ऑक्टोबरचा हॅलोवीन हा अमेरिकेतला मोठा सण. मेलेली माणसं या रात्री परत येतात, अशी युरोपातली जुनी समजूत. (आपल्या सर्वपित्री अमावस्येची आठवण व्हावी अशीच!) आता तिथे त्याची मोठी जत्रा झाली आहे. ब्युएना पार्क गावातल्या नॉट्स बेरी फार्मनं 1973 साली हॅलोवीनच्या रात्री आपल्या बागेत भुतं सोडली आणि लोकांची झुंबड उडाली. पुढे 1991पासून फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओनं तोच मार्ग धरला. धुराचे लोट, लखलखणारे दिवे, अंधाऱ्या भूलभुलैयात कोपऱ्याकोपऱ्यावर दबा धरून बसलेले नट. नॉट्सची काही भुतं तर गुडघ्यांवर घसरत, जमिनीवर ठिणग्या उडवत अंगावर येतात.

सूनबाई गप्पच होत्या. त्यांना जायचं होतं आणि भीतीही वाटत होती. ती भीती भुतांची नव्हती. आदल्या वर्षी दुसऱ्या महिन्यातच त्यांचा गर्भपात झाला होता. त्याच्या आठवडाभर आधी त्या एका जत्रेत पाळण्यात बसल्या होत्या. "पाळण्यात बसली म्हणून गेलं," असं नात्यातलं कुणीसं फोनवर बोललं होतं. ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. नवऱ्यालाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंपुढे मात्र त्यांना राहवलं नाही. सगळं बोलून मोकळ्या झाल्या. सासूबाई शेजारीच बसलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी तो काटा काढला. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असतं. तो दोष गर्भ राहतानाच आलेला असतो. बाई पाळण्यात बसली, घाबरली किंवा जिना चढली म्हणून तो येत नाही. तेव्हा झालं त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मग मुद्दा भीतीचा. कुणी "भॉ" केलं की छातीत धडधडतं, घाम फुटतो आणि थोड्या वेळात सगळं शांत होतं. अशा एखाद्या दचकण्यानं चांगला वाढणारा गर्भ पडतो, असा पुरावा नाही. बाळावर भुताची छाया पडते, ते भित्रं निपजतं, यातही तथ्य नाही.

मग पाळण्यांवर 'गरोदर स्त्रियांनी बसू नये' अशी पाटी का असते? ती असते झटक्यासाठी. रोलर कोस्टर गचकन थांबतो किंवा वळतो, तेव्हा गर्भाशयाची लवचीक भिंत ताणली जाते. वार मात्र तेवढी लवचीक नसते. दोन्हींत ओढाताण होऊन वार सुटू शकते आणि मग आई नि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. मोटारींच्या अपघातांत डॉक्टरांनी हे पाहिलेलं आहे. पाळण्यात गरोदर बायका बसवून प्रयोग तर कुणी करणार नाही! म्हणून ती पाटी मुकाट्यानं पाळायची. पोटावर दाबून बसणारा दांडाही नकोच.

आणि भूलभुलैया? तिथलं खरं भूत म्हणजे अंधार. पोट वाढतं तसा बाईचा तोल बदलतो. त्यात धूर, वरखाली जमीन, मागून रेटणारी गर्दी आणि दचकून उलट पावली पळणारी माणसं. पडायला आणखी काय हवं? शिवाय तासन् तास रांगेत उभं राहणं, पाणी कमी पिणं, भोंग्यांच्या अगदी जवळ थांबणं, हेही या दिवसांत टाळलेलंच बरं.

"आणि पडलेच तर?" सूनबाईंनी विचारलं.

"पाच महिन्यांनंतर पोटाला मार बसला, तर दुखत नसलं तरी लगेच यायचं. निदान चार तास बाळाचे ठोके बघावे लागतात. रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट कडक होऊन दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरी वाट बघत बसायचं नाही."

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी सुनेच्या हातावर हात ठेवला. "अगं, एवढं मनात घेऊन बसली होतीस? मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून, आई..."

"मला वाटायचं ते वाटू दे. पण तू एकटी कुढत बसू नकोस."

शुक्रवारी शेवटी सगळेच गेले. दिवसा याच बागेत लहान मुलांसाठी न घाबरवणारा हॅलोवीन असतो. सासू-सुना उजेडात सावकाश फिरल्या, सावलीत बसल्या, लाकडी घरांचं जुनं गाव पाहिलं. दोघींनी मिळून भोपळ्यांचे फोटो काढले. सांजेला भुतं बाहेर पडायच्या आत दोघी फाटकाबाहेरच्या जेवणघरात जाऊन बसल्या. कॉर्डेलिया नॉट या बाईंनी 1934 साली कोंबडीचं जेवण विकायला सुरुवात केली, त्यातून ही सगळी बाग उभी राहिली, हे ऐकून शाकाहारी सासूबाईंनाही कौतुक वाटलं. त्यांनी बॉयझनबेरीचा पाय मागवला आणि सुनेच्या बशीत मोठा तुकडा घातला. डोहाळे म्हणा हवं तर!

रात्री उशिरा चिरंजीव बाहेर आले ते लंगडतच. भुताला घाबरून पळताना बुटाच्या सुटलेल्या नाडीवर पाय पडला होता. गुडघा चांगलाच खरचटला होता.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. "डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या हो! भुतानं काही केलं नाही, पडल्यानंच केलं."

सूनबाई हसल्या, अगदी खळखळून. गेल्या वर्षभरात घरानं त्यांचं असं हसू ऐकलं नव्हतं.