नोकरी शोधण्याचा खर्च

नोकरी लागण्याआधी ती शोधावी लागते आणि शोधायला पैसे लागतात. एवढी साधी गोष्ट आपल्या रोजगार धोरणाने अजून मनावर घेतलेली नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत नुसत्या अर्जाचेच शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होते. त्यावर परजिल्ह्यातले परीक्षा केंद्र, एसटीचे भाडे, दोन वेळचे जेवण. पोलीस भरतीसाठी मुंबईत आलेली मुले पदपथावर, पुलाखाली रात्र काढताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. डासांत रात्र जागून काढलेल्या मुलाला सकाळी १,६०० मीटर धावायचे असते. लॉजचे भाडे परवडणाऱ्या मुलाच्या तुलनेत तो शिट्टी वाजण्याआधीच मागे पडलेला असतो.

सरकारी नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या बेरोजगारांना रेल्वे पूर्वी सवलत देत असे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी तर दुसऱ्या वर्गाचा प्रवास पूर्ण मोफत होता. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बहुतेक सवलती थांबल्या, त्यात हीही गेली. गाड्या केव्हाच पूर्ववत झाल्या, ही सवलत मात्र परतली नाही.

जर्मनीत रोजगार कार्यालय नोंदणी केलेल्या बेरोजगाराला परगावच्या मुलाखतीचे भाडे देऊ शकते; काम लागले तर बिऱ्हाड हलवण्याच्या खर्चालाही हातभार लावते. ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तिथेही हीच सोय आहे. आणि हे तत्त्व आपल्यालाही परके नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने गावापासून पाच किलोमीटरपलीकडे काम दिल्यास जाण्या-येण्यासाठी आणि राहण्यासाठी दहा टक्के जादा मजुरी ठरवली होती. खडी फोडणाऱ्या मजुराचा प्रवासखर्च कायद्याला दिसला. पदवी घेऊन गडचिरोलीहून पुण्याला निघालेल्या मुलीचा का दिसू नये?

राज्य सरकारने हे लगेच करावे: भरतीचे प्रवेशपत्र दाखवणाऱ्या उमेदवाराला एसटीचा जाण्या-येण्याचा प्रवास मोफत द्यावा आणि मैदानी चाचणीच्या आदल्या रात्री जवळच्या शाळा-महाविद्यालयांची सभागृहे उघडावीत. खासगी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना जिल्हा रोजगार केंद्राने भाड्याची रक्कम आधी द्यावी. तिकिटे जोडून महिनोन्‌महिने परताव्याची वाट पाहण्याइतके पैसे या मुलांकडे नसतात.