जोडणी तुटते तेव्हा



चातुर्मासाचे दिवस म्हणजे आपल्याकडे पावसाचे दिवस. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे झड लागलेली असते. सांगलीत कृष्णेच्या पाण्याकडे सर्वांचे डोळे असतात. वीज जाते, येते. अशा दिवसांत घरच्या संगणकावर एक संदेश हमखास उमटतो : ‘अपडेट होऊ शकले नाही, जोडणी तपासा.’ मुले पुण्याला किंवा परदेशी. घरातील ज्येष्ठ मंडळी तो संदेश बंद करतात आणि काम पुढे चालू ठेवतात. महिने जातात, अपडेट राहून जाते.

स्याद्वाद आपल्याला शिकवतो की प्रत्येक विधान एका विशिष्ट अपेक्षेने सत्य असते. संगणकाचे हे विधानही तसेच समजावे. ‘माझ्यापर्यंत उत्तर पोहोचले नाही,’ एवढेच तो सांगतो. दोष तारेत आहे, राउटरमध्ये आहे, स्वतः संगणकात आहे की दूरच्या सर्व्हरवर आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. ते आपण क्रमाने शोधावयाचे. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम त्याच वायफायवर मोबाइलमध्ये एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मोबाइलचा स्वतःचा डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवावा. ते उघडत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. तरीही काही होत नसेल, तर संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. हॉटस्पॉटवर अपडेट सुरू झाले, तर दोष घरच्या लाइनचा. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. मात्र अपडेटचा आकार कधी कधी काही जीबी असतो, म्हणून चाचणी झाली की हॉटस्पॉट बंद करावा.

मोबाइलवर सर्व काही उघडते, संगणकच अडतो, असे असेल तर त्याच्यावरील तारीख पाहावी. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, तीन व्होल्टची. वीज नसताना घड्याळ तीच चालविते. ती काही वर्षांनी क्षीण होते. मग वीज गेली, संगणक बंद पडला, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीत समोरचा सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्राने पटवितो आणि त्या प्रमाणपत्राला आरंभ व अंत असतो. संगणकाच्या लेखी आज जुनेच वर्ष असेल, तर ते प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नसते. तो जोडणी नाकारतो. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ नीट लावली की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. तारीख वारंवार चुकू लागली, तर बॅटरी बदलून घ्यावी.

याची उलट बाजूही जगाने पाहिली आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत संपली. तारा शाबूत, घड्याळ अचूक; तरीही दीर्घकाळ अपडेट न झालेली अनेक जुनी उपकरणे संकेतस्थळांशी जोडली जाईनात. अपडेट टाळत राहिले, की पुढे जोडणीच दुरावते.

तारीख बरोबर असेल, तर व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू राहिली आहे का, विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ जोडणीची खूण आहे का, दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत आहेत का, हे पाहावे. यांपैकी काहीच नसेल, तर काही तासांनी पुन्हा प्रयत्न करावा. सर्व्हरवर ताण असू शकतो. संदेशातील सांकेतिक क्रमांक वहीत उतरवून ठेवावा; दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी ‘मदत क्रमांका’वर फोन करू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून पडदा दाखविणारे ॲप घेऊ नये. अपडेट न झाल्याने होणाऱ्या नुकसानाला काही काळ तरी लागतो. बँकेचे खाते मात्र काही मिनिटांत रिकामे होते. तसे घडलेच, तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

अपडेटची निकड किती, हे २०१७ साली दिसले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला एक दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने घाला घातला, सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद झाली. विंडोज १० ची नियमित मोफत मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. ती वापरणाऱ्यांनी पुढची सोय पाहावी.

दुकानाचे हिशेब, मंदिराच्या वर्गणीच्या याद्या, घरच्यांची छायाचित्रे आज याच यंत्रात आहेत. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. मग निवांतपणे पहिल्या पायरीपासून आरंभ करावा.