वेरूळची सावली आणि समीक्षेची घाई

थॉमस डॅनियलच्या वेरूळ-दृश्यांतील धूसर, गूढ वातावरण म्हणजे अनोळखी शिल्पापुढे स्तिमित झालेल्या चित्रकाराच्या मनःस्थितीचा आविष्कार, असा अर्थ आस्वादक समीक्षा सहज लावून मोकळी होते. या अर्थाला आधार कोणता? १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या २४ दृश्यांच्या संचाचे शीर्षकपानच सांगते की, मूळ रेखाटने जेम्स वेल्सची आहेत. वेल्स तर १७९५ मध्येच निवर्तला होता. डोंगर पाहून रेखाटला एकाने, तांब्याच्या पत्र्यावर उतरवला दुसऱ्याने, तोही काही वर्षांनी आणि हजारो मैलांवर. मग स्तिमित नेमके कोण झाले होते?

अ‍ॅक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवतात. आम्ल कणांमधल्या मोकळ्या जागा खाते. जो भाग उजळ ठेवायचा तो वार्निशने झाकत पत्रा पुनःपुन्हा आम्लात बुडवला जातो. सावली अशी पायरीपायरीने गडद होते. रेषेचा काठिण्यभाव मोडून छटांचे दाणेदार, सलग पट्टे देणे हा या माध्यमाचा स्वभावच आहे. समीक्षक जिला गूढता म्हणतो, तिच्यात मोठा वाटा या राळेचा. सातपूरच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांच्या उंबरठ्यावर उन्हाळ्यात भर दुपारी उभे राहिले तरी ध्यानात येते की, काळ्या पाषाणावरचा उजेड मऊ नसतो. ऊन आणि सावली तिथे सुरीने कापल्यासारखी वेगळी होतात.

म्हणून भाव मिथ्या आणि तंत्र तेवढे खरे, असे नव्हे. भाव आहेच, तो तंत्रातून सिद्ध झालेला, चित्राचा भाव आहे. रस कोणाच्या ठायी, हा वाद भट्ट लोल्लटापासून अभिनवगुप्तापर्यंत ज्या परंपरेने घातला, तिच्या वारसांनी त्याचा शोध चित्रकाराच्या चरित्रात घ्यावा, हे नवलच.

हीच चित्रे साम्राज्यवादी दृष्टीचा पुरावा म्हणून पुढे करणारी नवी समीक्षाही वेगळे काही करीत नाही. ‘मनःस्थिती’च्या जागी ‘सत्ता’ हा शब्द आला. पत्रा पाहायचा राहिलाच. शिवाय पुण्याच्या गंगाराम तांबटाचे काय करायचे? (आडनाव तांबट आणि पत्राही तांब्याचा, या योगायोगावर कोणी शोधनिबंध लिहू नये.) चार्ल्स मॅलेटसाठी त्यानेही वेरूळ रेखाटले, त्याची चित्रे आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याची रेषा वेल्सच्या रेषेपासून कुठे फुटते आणि वेल्सची डॅनियलच्या पत्र्यावर कुठे विरघळते, हे तिन्ही चित्रे शेजारी ठेवून तपासल्यावाचून यातले साम्राज्याचे किती आणि राळेचे किती, हे ठरवता येणार नाही.