न नेलेल्या चिठ्ठ्या

बँकेत मी शेकड्यांनी खाती बंद केली. प्रत्येकाला अर्ज, सही, शिक्का. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’मधल्या सूचनाफलकाला यातलं काहीच लागलं नाही. १९५७ साली उघडलेलं हे खाणावळवजा दुकान. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून काबूलमार्गे भारताकडे, पार आपल्या गोव्यापर्यंत निघालेली हिप्पी पोरं तिथं चिठ्ठ्या लावत : गाडीत जागा आहे, सोबत हवी, पुढं दिल्लीत भेटू. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. रस्ताच तुटला, गोतावळा पांगला. दुकान मात्र राहिलं.

मला चुटपुट लागते ती न्यायला कुणीच न आलेल्या चिठ्ठ्यांची. असा अड्डा मोडताना त्या एका वहीत तरी चिकटवून ठेवाव्यात. बेवारस ठेवीचीसुद्धा बँक नोंद ठेवते. वारस वीस वर्षांनी आला तरी पैसे मिळतात.