गाडी तापली म्हणजे

या पानावर आजवर मी पंखा, शिलाईचे यंत्र, कुकरची शिटी आणि विहिरीवरची मोटर असल्या घरगुती दुखण्यांवर औषधे सांगत आलो. यंदाच्या दिवाळी अंकासाठी कोणते दुखणे घ्यावे या विचारात होतो, तोच आमच्या घरातून सूचना आली, "भाच्याच्या त्या लाल गाडीवर लिहा की!" मी म्हटले, "अगं, आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या दारात असली पळणारी गाडी असणार?" त्यावर उत्तर मिळाले, "गाडी नसली तरी गाडीवाला भाचा, पुतण्या, जावई असतोच ना कोणीतरी!" हे बाकी खरे. आणि त्या गाडीत शेजारच्या आसनावर बसण्याचा प्रसंग मामा-काकांवरच येतो, हेही खरे.

त्याचे असे झाले. मे 2025 मध्ये अमरावतीस आमच्या नात्यात लग्न होते. भाचा नाशिकहून समृद्धी महामार्गाने रात्रभर गाडी हाकून पहाटे अकोल्यास माझ्याकडे उतरला. गाडी म्हणजे जमिनीला टेकलेली, दोन दारांची, टर्बोवाली. गाडी बंद करून तो घरात आला तरी पुढचा पंखा घों घों करीत फिरतच होता. शेजारचे जोशी धोतर सावरीत धावत आले, "अहो, गाडी बंद केली तरी काहीतरी चालू राहिले आहे!" त्यांना सांगितले तेच येथे सांगतो, कारण या प्रश्नाची पत्रे मलाही येतात. टर्बो म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या तप्त वायूवर फिरणारे चक्र. दामटून आणलेल्या गाडीत ते अतिशय तापलेले असते. म्हणून नव्या गाड्यांत इंजिन थांबल्यावरही पंखा, आणि कित्येकांत पाण्याचा छोटा विजेचा पंपही, काही मिनिटे चालू राहतो. तो बिघाड नव्हे, व्यवस्था आहे. जुन्या टर्बोगाडीला ही सोय नसते. तिला लांबच्या पल्ल्यानंतर मिनिट-दोन मिनिटे उभ्या उभ्या चालू ठेवावे आणि मगच किल्ली फिरवावी.

दुपारी बारा वाजता आम्ही निघालो. बारा वाजता निघू नये, हे मी सांगितले होते. पण वरपक्षाला वेळेचे भान असते आणि भाच्यांना उन्हाचे नसते! अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या घरात खेळतो, हे वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. रस्ता मात्र आता असा झाला आहे की, कोणाचाही पाय जड व्हावा. याच अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात 3 ते 7 जून 2022 या काळात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग टाकून जागतिक विक्रम करण्यात आला. आमच्या तरुणपणी याच रस्त्याने जाताना डब्यातल्या लाडवांचा चुरमा होत असे.

बोरगाव मंजू गेले, मूर्तिजापूर गेले, आणि पुढे एक ट्रक आडवा झाल्यामुळे रांग लागली. अर्धा तास आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. ए.सी. पूर्ण जोरात. माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे, भाच्याचे लक्ष फोनमध्ये. काटा मध्यावरून हलला.

"अरे, काटा चढतो आहे."

"मामा, या गाड्या चढल्या तरी त्यांना काही होत नाही."

मंडळी, होते. पळणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळतो. ती थांबली की सारी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरच्या जाळीवर. अशा वेळी पहिले काम ए.सी. बंद करणे. दुसरे काम ऐकून हसू येईल, पण ते करावे: काचा खाली करून हीटर पूर्ण सुरू करणे. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. पंचेचाळीस अंशांत हीटर लावून बसलेले मामा-भाचे पाहून शेजारच्या एस.टी.तले लोक खिडकीतून वाकून पाहू लागले. काटा जरासा उतरला, पुन्हा चढला. तेव्हा गाडी कडेला निंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केले.

आता मुख्य गोष्ट. गाडी थांबताच भाचा उतरला, बॉनेट उघडले, रुमाल हाताला गुंडाळला आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे वळला. मी त्याचे मनगट धरले. एवढ्या जोराने धरले की, तो रागावला. मग मी सदऱ्याची बाही वर केली.

माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक डाग आहे. मे 1979. हाच रस्ता, वडिलांची जुनी गाडी, मी एकोणीस वर्षांचा. रेडिएटरमधून वाफ येत होती. मीही असाच रुमाल गुंडाळला होता. धाकटी बहीण, म्हणजे या भाच्याची आई, सहा वर्षांची, माझ्या कोपराशी उभी राहून वाकून पाहत होती. मला पाणी ओतायचे होते म्हणून मी तिला म्हटले, "जा, मागच्या सीटवरची सुरई आण." ती वळली. मी झाकण फिरवले. पुढचे सांगण्याजोगे नाही. तीन आठवडे हात गळ्यात होता. पण मला रात्री जाग येई ती हाताच्या आगीने नव्हे. ती उभी होती त्या जागेवरच्या पानांचा रंग उकळत्या पाण्याने पालटला होता, ती पाने दिसत.

याचे कारण साधे आहे आणि घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते. गाडीत ते दाबाखाली कोंडलेले असते, म्हणून एकशेवीसच्या आसपास जाऊनही ते उकळत नाही, कुकरचेच तत्त्व. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते सारे पाणी त्याच क्षणी वाफ होऊ पाहते. रुमाल त्याला काय अडवणार? निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरची रबरी नळी बोटांनी दाबून पाहावी. ती गरम आणि ताठ असेल तर अजून थांबावे. नळी थंड आणि मऊ लागली म्हणजे झाकण एक आटा फिरवून फुस्स होऊ द्यावे, आणि मगच काढावे.

आम्ही थांबलो. शेजारच्या शेतातून एक शेतकरीदादा आले. पाणी हवे का, असे त्यांनी आपण होऊन विचारले, पण बोअरकडे हात करून हसत म्हणाले, "हे पानी आमालेच पेवत नाही, तुमच्या गाडीले काय चालन!" लाखमोलाचे बोलले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. त्या खाऱ्या पाण्याने पीक जळते, तिथे ॲल्युमिनियमचा रेडिएटर काय टिकणार? आतून क्षार बसतात, धातू खाल्ला जातो, आणि बारीक नळ्या बुजतात. पातळी कमी असेल तर बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी घालावे आणि पुढच्या गावी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचे कूलंट भरून घ्यावे. साधारणपणे ते निम्मे आणि शुद्ध पाणी निम्मे असते. अगदीच अडचण असेल तर पिण्याच्या बाटलीतले पाणी, पण मग आठवड्याच्या आत सारे काढून नवे भरणे आले. दादांनी आम्हांला घरातल्या माठातले गोडे पाणी आणून दिले. ते आम्ही प्यायलो. गाडीला दिले नाही.

पाणी कमी नव्हतेच. मी खाली वाकून पुढच्या जाळीत पाहिले आणि रोग सापडला. रात्रभर महामार्गावर पळालेल्या गाडीने शेकडो किडे आणि धूळ आत ओढून घेतली होती. ए.सी.ची जाळी पुढे आणि रेडिएटर तिच्या मागे. दोहोंच्या फटीत काळ्या मातीचा आणि किड्यांचा नमदा बसला होता. हवाच जात नव्हती. जमिनीलगतच्या गाडीचे तोंड खाली असल्यामुळे तिला हा त्रास इतरांपेक्षा अधिक. इलाज फुकटचा आहे: गाडी थंड असताना बागेच्या नळीने, शक्य तेथे आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुणे. धुलाई केंद्रावरची जोराची धार मात्र मारू देऊ नये. जाळीचे पापुद्रे आडवे पडतात आणि मग हवा कायमचीच बंद होते. आम्ही तेथे जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खरडले. भाच्याचा लग्नाचा कुडता कामी आला तो तेव्हाच!

अमरावतीस पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बहिणीने आम्हा दोघांचे अवतार पाहिले आणि काही न बोलता पाने वाढायला सांगितली.

टायरबद्दल थोडक्यात. हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकणारे शहाणे मी पाहिले आहेत. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षाचे आठ महिने झाकून ठेवतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. समृद्धीवर ताशी 120 ची मुभा आहे. म्हाताऱ्या रबराला ती नाही. शिवाय यांतल्या पुष्कळ गाड्यांत जादा चाक नसतेच, डिंकाची बाटली आणि छोटा पंप असतो. तो चालतो की नाही, हे घरी पाहून ठेवावे, मेळघाटात नव्हे.

मेळघाटावरून आठवले. लग्नानंतर दोन दिवसांनी बहिणीला चिखलदरा पाहायचा होता. मुलाच्या गाडीत ती एकटीच, आणि आम्ही मागून जीपमध्ये. निघण्यापूर्वी मी ब्रेकच्या तेलाची चौकशी केली. चार वर्षे बदललेले नव्हते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-4 जातीचे नवे तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेले 155 अंशांतही उकळू शकते. घाट उतरताना ते उकळले तर नळीत वाफ होते, आणि पाय थेट तळाला जातो. मी हटून बसलो. अमरावतीतल्या मिस्त्रींनी दीड तासात तेल बदलले. निघाले ते चहाच्या रंगाचे. दर दोन वर्षांनी हे करावे. आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. गिअर खालचा घ्यावा, इंजिनालाच गाडी धरू द्यावी, ब्रेक थोडा वेळ आणि जोराने दाबून सोडावा. खाली आल्यावर तापलेल्या चकत्यांवर पाणी मारू नये, त्या वाकड्या होतात.

परतवाड्यास चहाला थांबलो. लाल गाडी आमच्या आधीच येऊन सावलीत उभी होती, बॉनेट बंद, पंखा घों घों करीत. भाच्याने आईला तो निंब, तो रुमाल, सारे सांगितलेले दिसले, कारण ती माझ्या हाताकडे पाहत होती.

"दादा, मला वाफेचे काहीच आठवत नाही रे," ती म्हणाली. "माझ्या हातून सुरई फुटली आणि बाबा रागावले, एवढेच आठवते."