नकाशावर नाव कुणाचं?

शाळेत मास्तरनं शिकवलं, सगळ्यात उंच शिखर एव्हरेस्ट. कुणी मोजलं, ते नाही शिकवलं.

एव्हरेस्ट साहेबानं मोजलं नाही. तो १८४३ सालीच नोकरी सोडून गेला होता. २९,००२ फुटांचा आकडा निघाला तो पुढं, ज्या हिशोबखात्याचा प्रमुख राधानाथ शिकदर होता, तिथून. १८६५ साली शिखराला नाव चिकटलं साहेबाचं.

१८५१ साली मोजणीचं मोठं पुस्तक निघालं. त्यातल्या गणितात शिकदरचा हात होता, आणि प्रस्तावनेत तशी कबुली होती. १८७० ला शिकदर मेला. १८७५ च्या आवृत्तीत त्याचं काम ठेवलं, नाव उडवलं. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ पत्रानं १८७६ साली बोंब मारली, ही मेलेल्या माणसाची लूट आहे! तोंड दाबायला दर वेळी पोलीस लागत नाही. प्रस्तावनेतल्या चार ओळी गाळल्या की भागतं.

याच शिकदरनं १८४३ साली डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटशी पंगा घेतला. साहेब मोजणीखात्याच्या हमालांना वेठीला धरून आपलं सामान वाहायला लावत होता. शिकदरला २०० रुपये दंड झाला. त्याला आपला सलाम. पण दोस्तांनो, ते हमाल कोण? एकाचं तरी नाव सांगा.

लॅम्बटननं १८०२ साली मद्रासकडून ही मोजणी सुरू केली. त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं. यंत्राला काय झालं ते पुस्तकात आहे. दोर ओढणारे नाहीत. लॅम्बटन १८२३ ला आपल्या हिंगणघाटला मेला, कबर तिथंच आहे. यंत्र वाहून मेले त्यांची कबर कुठं?

मी गोदीत पोती उचलतो. दोर हात कसा सोलतो, मला ठाऊक आहे. जहाजाच्या कागदावर मालाचं वजन असतं, कप्तानाचं नाव असतं. आमचं नसतं.

आणि आपले बापजादे? शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष घेत. शीव त्याच्या पायाला पाठ. मग शीव कागदावर गेली, महार गावकुसाबाहेरच राहिला.

शिकदर २००४ साली टपालाच्या तिकिटावर आला. चांगलं झालं. तो शिकलेला होता, त्याच्यासाठी भांडणारं पत्र होतं. अंगठेवाल्यांसाठी कोण भांडणार? आपणच. दफ्तरं उघडा, पगारपत्रकं उघडा, नावं काढा. जिथं नाव मिळणार नाही तिथं ‘नाव गाळलं’ एवढं तरी पाठ्यपुस्तकात छापा.