ओझे, पाठ आणि तरफ

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीत दोन प्रकारची माणसे वजन उचलताना दिसतात. व्यायामशाळेतील तरुण अभियंता शुल्क भरून लोखंड उचलतो. बांधकामावरील मजूर रोजीसाठी ५० किलोंचे सिमेंटचे पोते उचलतो. पहिल्याला पाठ कशी ठेवावी हे सांगणारा प्रशिक्षक असतो, दुसऱ्याला बहुधा कोणीच नसतो. पदार्थविज्ञानाचा नियम मात्र दोघांना एकच आहे.

आपला हात ही एक तरफ आहे आणि कोपर हा तिचा टेकू. दंडाचा स्नायू टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, तर तळहातावरील वजन सुमारे ३५ सेंटिमीटरवर. म्हणून ५ किलो पेलताना स्नायूला ३५ किलोंइतके बळ लावावे लागते. कमरेचे गणित याहून कठोर आहे. मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलेले २० किलोंचे ओझे पाठीच्या स्नायूंकडून सुमारे १६० किलोंइतके बळ मागते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. हे सारे मणक्यांमधील चकत्या सोसतात. तेच ओझे अंगाशी, २० सेंटिमीटरवर धरले, तर ही मागणी निम्मी होते.

कोणी म्हणेल, श्रमाने शरीर घट्टच होते. होते, पण वजन हळूहळू वाढवले आणि पुरेशी विश्रांती मिळाली तरच. अभियंत्याला या दोन्ही गोष्टी लाभतात, मजुराला एकही नाही. म्हणून कष्टकऱ्याच्या कंबरदुखीला नशीब म्हणणे मला मान्य नाही. ती टाळता येण्याजोगी हानी आहे.

केवळ योग्य पद्धत शिकवूनही भागणार नाही; ओझ्यालाच मर्यादा हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. पाठीचे दुःख संघटनेने व कायद्याने कमी करता येते, हा त्याचा धडा.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण आईवडिलांनी वाहिलेल्या ओझ्यांवर उभे आहे. तेव्हा तरफेचा पाठ फळ्यावरच संपू नये. सुटीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याने तो वडिलांना समजावून सांगावा. आणि पुढे अभियंता, ठेकेदार वा अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्याने आपल्या कामावर हातगाडी आणि हलके पोते यांची तरतूद आधी करावी.